अक्काच्या गाडीचं डावं दार

अक्काची गाडी रस्ता सोडून चरात गेली तेव्हा वेग ताशी चाळीसच्या आसपास होता. हा आकडा तिनेच दिला. जागा: धारवाडहून अळणावरला जाताना गावाच्या अलीकडे ओढ्यावर एक मोरी लागते, तिथलं डावं वळण. वेळ सकाळी साडेनऊची. पुढचं डावं चाक चरात उतरलं आणि बंपर फाटला. अक्काला खरचटलंही नाही. मागून लाकडं भरलेला ट्रॅक्टर येत होता, त्याने दोर लावून गाडी वर काढली आणि तीच गाडी चालवत ती घरी गेली. दुपारी तिने मला फोन केला.

"गाडीनं मागनं झोका घेतला," ती म्हणाली. "बाकी सगळं ठीक आहे. जेवलास का?"

अक्का माझी थोरली बहीण. अळणावरच्या शाळेत तिने बत्तीस वर्षं शिकवलं आणि तिथेच घर बांधलं. भावजी लाकडाच्या डेपोत कारकून होते. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. गाडी अक्काची, चालवायची अक्का. भावजी डाव्या बाजूला बसत, खिडकीच्या वरची मूठ धरत आणि गिअर बदलायची वेळ झाली की सांगत. अक्का त्यांचं कधी ऐकत नसे. या अपघाताच्या आठ महिने आधी भावजी गेले. हृदयविकाराचा झटका होता. धारवाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पन्नास मिनिटं लागली आणि ती पन्नास मिनिटं गाडी अक्कानेच चालवली. दिवसकार्यात ती रडली नाही. मीही रडलो नाही. बारा दिवस कोण आलं, कोण गेलं, याची यादी मी एका वहीत लिहीत होतो. ती वही अजून माझ्याकडे आहे.

माझा भाचा, म्हणजे अक्काचा मुलगा, बेंगळूरला असतो. अपघाताच्या संध्याकाळी त्याने मला फोन केला.

"मामा, तिला आता गाडी नको. तू सांग."

"मी का सांगू?"

"तुझं ऐकते ती."

"कधी ऐकलंय?"

 मग त्याने सगळं क्रमाने सांगितलं. अळणावरच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं. शेजारच्याच माणसाला ते मुलासाठी हवं होतं आणि त्याला रविवारपर्यंत हो किंवा नाही कळायला हवं होतं. अक्का म्हणत होती, गाडी चालवता येते तोवर मी माझ्या घरी राहणार. बाजार, बँक, धारवाडचा डॉक्टर, कुणाला विचारावं लागत नाही. ज्या दिवशी चालवता येणार नाही, त्या दिवशी तू म्हणशील तिकडे येईन. चरात गाडी गेली तो गाडीचा दोष, माझा नाही, असंही ती म्हणत होती.

"मग असं करू," भाचा म्हणाला. "तू गाडी दुरुस्त करून घे. दुरुस्त झाल्यावर तिच्याशेजारी बसून अळणावरपर्यंत जा. आणि रविवारी संध्याकाळी सहाला मला सांग की ती चालवू शकते की नाही. तू जे सांगशील ते मी मानेन, तीही मानेल. तिनंच तुझं नाव सुचवलंय. म्हणाली, तो जे दिसेल तेच सांगतो."

मी हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं काढली. पहिली सहा वर्षं बातमीदार म्हणून, नंतर इतरांच्या बातम्या तपासायला. निवृत्त झाल्यापासून तिथेच केशवापुरात एकटा राहतो. मी हो म्हणालो. तो दिवस सोमवार होता.

मंगळवारी बसने अळणावरला गेलो आणि गाडी घेऊन हुबळीला आलो. गाडी पांढरी, लहान, सोळा वर्षांची. गाडी डोलते म्हणून तिथल्या मेकॅनिकने महिन्याभरापूर्वीच शॉकअप बदलले होते, चार टायर नवे घातले होते, चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं होतं. तरीही मोरीच्या वळणावर आणि पुढे आणखी दोन ठिकाणी मला ते जाणवलं: स्टिअरिंग वळवल्यावर पुढचा भाग वळे आणि मागचा भाग क्षणभराने, आपल्या मर्जीने. गाडी डोलते हे अक्काचं म्हणणं खरं होतं. मेकॅनिक म्हणाला होता, "बॉडीच सैल झालीय. हे माझ्या हातातलं काम नाही." त्याने हुबळीतला एक फॅब्रिकेटर सांगितला.

हा फॅब्रिकेटर गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीत बसतो. खिडक्यांची ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शाळांची फाटकं ही त्याची रोजची कामं. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं जुन्या गाड्या पळवायला घेतात आणि त्यांना गाडी घट्ट करून हवी असते, म्हणून गेली काही वर्षं तो हेही करतो. पन्नाशीचा, बुटका माणूस. कन्नड बोलणारा, पण आजोळ बेळगावकडचं, त्यामुळे मराठी चांगली येते. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "सर, ही पळवायची आहे का?"

"नाही. बाजाराला न्यायची आहे."

"कुणी?"

"माझ्या बहिणीने. एकोणसत्तर वर्षांच्या आहेत."

तो हसला नाही. पुढच्या डाव्या चाकाखाली त्याने एक लाकडी ठोकळा सरकवला आणि गाडी हळूच त्यावर चढवायला सांगितलं. मग डावं दार उघडून बंद करून दाखवलं. दार मागच्या खांबाला अडकलं. ठोकळ्यावरून गाडी उतरवली, दार लागलं.

"बघितलं? एक चाक वर गेलं की सगळी बॉडी पिळते. टॉवेल पिळल्यासारखी. शॉकअप नवे घालून काय उपयोग? ते ज्याला धरून बसलेत तेच हलतंय."

उपाय त्याने जमिनीवर खडूने काढून दाखवला. इंजिनच्या वर, दोन्ही शॉकअपची डोकी जिथे बॉडीला बसतात, त्यांच्यामध्ये एक आडवा पाईप. गाडीखाली, पुढच्या दोन्ही चाकांना धरणारे लोखंडी हात जिथे अडकवलेले असतात, तिथे दुसरा. या आडव्यांना तो सपोर्ट म्हणतो. आधी डाव्या बाजूच्या गंजलेल्या पत्र्याचे उघडलेले जोड वेल्डिंग करून घ्यायचे आणि मग सपोर्ट. मी विचारलं, याने डोलणं थांबेल का. तो म्हणाला, "गाडीचं थांबेल."

गाडी त्याच्याकडे सोडण्याआधी मी ती रिकामी केली. डिकीत पाण्याचा कॅन, दोन पोती आणि एक छत्री होती. डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचे कागद, भावजींची कानटोपी, पेनाची दोन टोपणं आणि डोळ्यांत घालायच्या औषधाची एक लहान बाटली. बाटली अर्धी संपलेली होती. औषधाचं नाव माझ्या ओळखीचं होतं. अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, काचबिंदू होता आणि शेवटची काही वर्षं मीच त्यांच्या डोळ्यांत हे औषध घालत असे. मी बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. अक्काला याबद्दल विचारलं नाही. माझ्याकडे सोपवलेलं काम गाडीचं होतं.

बुधवारी त्याने गंज घासला आणि जोड भरले. गुरुवारी पुठ्ठ्याचे साचे कापले. पुठ्ठा साड्यांच्या खोक्यांचा होता. तो शॉकअपच्या डोक्यावर ठेवायचा, बोल्टच्या जागी पेचकसाने टोचायचं, कडा बोटाने दाबून आकार उमटवायचा. तीन साचे फुकट गेले, चौथा जुळला. त्यावरून पाच मिलीमीटरच्या पत्र्याच्या दोन चकत्या कापल्या, भोकं पाडली आणि त्यांच्यामध्ये पाईप बसवला. शुक्रवारी वरचा सपोर्ट लागला. मी रोज दहा ते पाच तिथे एका स्टुलावर बसून असे. तसं बसायची गरज नव्हती. घरी असतो तरी मी बसूनच असतो.

शनिवारी खालच्या सपोर्टचं काम होतं आणि तिथे चूक झाली. ती कशी झाली हे नीट सांगायला हवं, कारण ती माझ्यामुळे झाली.

खालचा सपोर्ट बसवताना गाडी आपल्या चारही चाकांवर उभी हवी. म्हणजे गाडीच्या अंगावर तिचं नेहमीचं वजन असतं आणि बॉडी नेहमीच्या आकारात असते. त्यासाठी खाली माणूस उभा राहील असा खड्डा लागतो. फॅब्रिकेटरकडे खड्डा नाही. तो शेजारच्या लॉरीच्या गॅरेजातला वापरतो. शनिवारी त्या खड्ड्यावर एक लॉरी उभी होती, गिअरबॉक्स उतरवलेली.

"संध्याकाळी निघेल म्हणतात. नाहीतर सोमवारी करू," फॅब्रिकेटर म्हणाला.

"सोमवारी चालणार नाही. रविवारी सहाला मला उत्तर द्यायचंय."

"कुणाला?"

"बेंगळूरला."

"बेंगळूरला सोमवारी उत्तर दिलं तर बेंगळूर बुडेल का?"

मी म्हणालो की जॅकवर करा. गाडी उचला, खालून बसवा. तो म्हणाला, जॅकवर बॉडी लटकते, माप चुकतं. मी म्हणालो, किती चुकेल? तो म्हणाला, ते सांगता येत नाही. मी म्हणालो, मग करा. बावीस वर्षं मी लोकांकडून अपुरी बातमी वेळेत घेतली आहे, कारण पान ठरलेल्या वेळी सुटावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येते. याच सवयीने मी बोलत होतो, हे त्या वेळी लक्षात आलं नाही.

त्याने हात वर केले. "इरली बिड्री," राहू द्या, म्हणाला आणि गाडी डाव्या बाजूने जॅकवर घेतली, खाली लोखंडी घोड्या लावल्या. दोन तासांत सपोर्ट बसला. बोल्ट सहज गेले, एकही ओढून घ्यावा लागला नाही. गाडी खाली उतरवली. बाहेरून पाहता काही वेगळं दिसत नव्हतं.

चारच्या सुमारास अक्का बसने आली. पिशवीत डबा होता, चकल्या होत्या. फॅब्रिकेटरने हात पुसून नमस्कार केला. कुणीतरी त्याला ती शिक्षिका असल्याचं सांगितलं होतं, कारण इकडे शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं तो तिला लगेच "अक्कोरे" म्हणाला.

"अक्कोरे, राग मानू नका, पण तुमची गाडी म्हणजे पापडाचा डबा होता."

"त्याच डब्यातनं सोळा वर्षं हिंडतेय. पापड मोडला नाही अजून."

"आता डब्याचं कपाट केलंय. बसून बघा की."

ती बसली नाही. गाडीभोवती फिरत डाव्या बाजूला आली, दार उघडलं आणि सोडलं. दार लागलं नाही. तिने पुन्हा उघडून ढकललं, तेव्हा ते लागलं.

"हे असं लागत नव्हतं," ती म्हणाली.

"जुनी गाडी आहे, अक्का," मी म्हणालो.

"दार जुनंच आहे. ते असं लागत नव्हतं. ते दोन बोटांनी लागायचं. यांना आपटायची सवय होती, मी रोज ओरडायची." यांना म्हणजे भावजींना. "मला आवाज माहीत आहे याचा."

फॅब्रिकेटरने हॅकसॉचं एक पातं घेतलं आणि दाराच्या फटीतून खालून वर सरकवलं. वरच्या कोपऱ्याशी ते अडकलं. उजव्या दाराच्या फटीतून तेच पातं सरळ फिरलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. अक्काला म्हणाला, "गाडी हवेत असताना मी सपोर्ट आवळला. हवेत ती वाकडी होती, आता जमिनीवर आली तरी तशीच वाकडी धरून ठेवलीय. चूक माझी."

"माझी," मी म्हणालो.

"तुमची कशी, सर? पाना माझ्या हातात होता."

अक्काने दोघांकडे पाहिलं. "आता काय करायचं ते सांगा. कबुलीजबाब नंतर घ्या."

शेजारच्या खड्ड्यावरची लॉरी रात्रीतून निघाली. रविवार सुट्टीचा, पण फॅब्रिकेटर आठ वाजता आला. गाडी ढकलत खड्ड्यावर नेली. खाली उतरून त्याने सपोर्टचा पाईप मधोमध कापला. कापताना पाईप टकन वाजला आणि त्याची दोन टोकं एकमेकांपासून सरकली. बोटाच्या पेराएवढंही अंतर नव्हतं, पण दिसत होतं. मी वाकून पाहिलं. वर अक्काने डावं दार दोन बोटांनी ढकललं आणि ते लागलं.

आता कापलेल्या जागी बाहेरून एक जाड नळी चढवून जमिनीवरच वेल्डिंग करायचं होतं. त्याआधी त्याने खड्ड्यातून डोकं वर काढलं.

"गाडीत नेहमी किती माणसं असतात, अक्कोरे?"

"दोन," अक्का म्हणाली.

"मग दोघं बसा. उतरायचं नाही, हलायचं नाही. वेल्डिंगचे टाके मारीपर्यंत."

अक्का स्टिअरिंगमागे बसली. मी डाव्या बाजूला बसलो. खिडकीच्या वरची मूठ झिजून गुळगुळीत झालेली होती, तिच्यावरचं काळं कातडं गेलं होतं. मी ती धरली नाही. खालून त्याचा आवाज आला, "तयार? मारू?"

"थांबा," अक्का म्हणाली. ती समोरच्या काचेतून भिंतीकडे पाहत होती. "एक. नेहमी एकच माणूस असतं. तू उतर रे."

मी उतरलो. ती एकटी बसून राहिली आणि त्याने टाके मारले. खड्ड्यातून निळा उजेड येत होता, तिने डोळ्यांवर पदर धरला होता. नंतर, ती हात धुवायला गेली तेव्हा, मी त्याला विचारलं की एक माणूस बसलं काय, दोन बसली काय, फरक किती पडतो.

"अर्ध्या मिलीमीटरचाही नाही, सर. मी ज्यांच्याकडे काम शिकलो ते मालकाला बसवायचे. म्हणून मीही बसवतो."

अकरा वाजता त्याने पुढच्या चाकाखाली पुन्हा तोच ठोकळा घातला. डावं दार उघडलं, बंद केलं. अडकलं नाही. पातं फटीतून खालून वर फिरलं. मी कप्प्यातलं सामान परत जागेवर ठेवलं. बाटलीसुद्धा, कानटोपीशेजारी. अक्काने पाहिलं आणि कप्पा बंद केला.

साडेअकराला आम्ही निघालो. ती चालवत होती. हुबळीपासून धारवाडपर्यंत रस्ता रुंद आहे, दुभाजक आहे. तिथे सांगण्यासारखं काही घडलं नाही. धारवाड सोडल्यावर रस्ता दुपदरी झाला. पहिल्या वळणावर वेग पंचेचाळीस होता. तिने स्टिअरिंग वळवलं आणि सगळी गाडी एकदम वळली. दुसऱ्या वळणावरही तसंच. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, फक्त तेवढ्यापुरतं, आणि म्हणाली, "बघितलंस? मी सांगत होते." तिच्या आवाजात मला आनंद ऐकू आला. आठ महिन्यांत प्रथमच. मी हो म्हणालो.

पुढे शेतातून एक पायवाट उजवीकडून रस्त्याला येऊन मिळते. तिथून एक सायकलवाला येत होता. कॅरिअरला गवताचा भारा, मान खाली. मला तो दिसला तेव्हा रस्ता गाठायला त्याला वीसेक पावलं होती. मी अक्काच्या पायाकडे पाहिलं. पाय ॲक्सिलरेटरवर होता. मी वाट पाहिली. मनात मोजलं: एक, दोन. पाय हलला नाही. सायकलचं पुढचं चाक डांबरावर आलं.

"अक्का, सायकल," मी म्हणालो.

तिने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली, जराही डोलली नाही. सायकलवाला आमच्या बंपरपुढून गेला, मागे वळून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. मला "म्हातारी" एवढंच ऐकू आलं.

"बघितलं होतं मी," अक्का म्हणाली.

 मोरीचं वळण आलं. वेग अडतीस. गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. पावणेदोनला आम्ही घरी पोचलो. तिने भात लावला, मला ताक दिलं, आणि मग दोघंही आपापल्या खोलीत जाऊन पडलो. मला झोप लागली नाही. मी छताकडे पाहत बातमी जुळवत होतो. तिच्या दोन आवृत्त्या होत्या. एक लांब होती, एक छोटी. दोन्हींतलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

सहाला भाच्याचा फोन आला. अक्काने फोन मला दिला आणि समोर खुर्चीवर बसली. मी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"बोल मामा."

"गाडी उत्तम झालीय," मी म्हणालो. "वळणावर डोलत नाही. मोरीपाशी अडतीसच्या वेगाने नेली, काही झालं नाही. ब्रेक सरळ लागतात. आधी डोलत होती हे मी स्वतः चालवून पाहिलंय. तिचं म्हणणं खरं होतं."

"आणि ती?"

"गिअर वेळेवर बदलते. कुठे घाई नाही केली."

"मामा, ती चालवू शकते का?"

मी अक्काकडे पाहिलं. ती टेबलावरच्या फोनकडे पाहत होती. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच वाक्य उरलं होतं आणि मी ते बोलत नव्हतो. पलीकडून भाच्याच्या घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता.

"याची बातमी अर्धी आहे," अक्का म्हणाली. शाळेत हजेरी घेताना तिचा असाच आवाज असे. "ऐक. वाटेत उजवीकडून एक सायकल आली. मला ती दिसली नाही. मामानं सांगितलं तेव्हा दिसली. मोरीपाशी त्या दिवशी मोटारसायकल आली, तीही अशीच उजवीकडून, अंगावर आल्यावर दिसली. मी एकदम डावीकडे ओढलं. गाडी डोलली, हे खोटं नाही. पण ओढलं मी."

"आई, डोळे दाखवलेस का?"

"दाखवलेत. अप्पांचंच दुखणं आहे. उजव्या डोळ्याचं कडेचं गेलंय, ते परत येत नाही म्हणाला डॉक्टर. आहे ते राहावं म्हणून औषध घालते." ती थांबली. "मला वाटलं गाडी घट्ट झाली तर तेवढ्यावर भागेल."

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"शेजाऱ्यांना हो सांग," अक्का म्हणाली. "पण बेंगळूरला मी येणार नाही. केशवापुरात मामाकडे एक खोली रिकामी आहे. तिथनं बाजार पायी करता येतो. त्याला विचारायचं राहिलंय, पण तो नाही म्हणणार नाही."

मी नाही म्हणालो नाही. तिने फोन बंद केला, उठली आणि तुळशीपाशी दिवा लावायला गेली. मी वही काढून त्या दिवसाची नोंद केली. सायकलची वेळ लिहिताना मनगटावरच्या घड्याळात तेव्हा किती वाजले होते ते आठवेना. एक ते सव्वाच्या दरम्यान, असं लिहिलं. आणि त्याखाली, मी दोनपर्यंत मोजलं, हेही लिहिलं. ते वाक्य मी फोनवर सांगितलं नव्हतं आणि अक्कालाही अजून सांगितलेलं नाही.

घर रिकामं करायला सहा आठवडे लागले. जड सामान टेम्पोने गेलं. शेवटच्या दिवशी गाडीत देव, दोन सुटकेसा, पाण्याचा कॅन आणि छत्री एवढंच होतं. अक्काने शेजाऱ्यांच्या हातात घराच्या किल्ल्या दिल्या, पाण्याची मोटर कशी सुरू करायची ते दोनदा समजावलं. मग ती गाडीपाशी आली. सवयीने उजव्या बाजूला गेली, तिथे मला बसलेलं पाहून थांबली आणि बॉनेटच्या पुढून वळून डावीकडे आली. दार उघडून बसली. दोन बोटांनी दार ओढलं. ते पहिल्याच वेळी लागलं.

गाव संपलं. मग ती म्हणाली, "तिसरा टाक आता." मी टाकला. तिचा हात वर गेला आणि तिने मूठ धरली.

परतताना ते मोरीचं वळण उजवं पडतं.

"किती आहे वेग?" तिने विचारलं.

"चाळीस."

ती बाहेर बघत राहिली. गाडी वळली, मोरी मागे गेली.